एक वीत डावीकडे

आमच्या घराण्याच्या रायफलीने आजवर एकही जनावर मारलेलं नाही. ही माहिती मी दोन स्वतंत्र सूत्रांकडून पडताळून घेतली आहे. एक नानाकाका आणि दुसरी काकू. (काकांनी ती खासगीत दिली, काकूने चारचौघांत.)

नानाकाका जंगल खात्यात रेंजर होते. सत्तेचाळीस साली त्यांचा गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा बोटीवर नेण्यासारख्या नव्हत्या अशा वस्तू त्याने हाताखालच्या माणसांत वाटून टाकल्या. कुत्रा हेडक्लार्कला मिळाला. पियानो कोणी घेईना. आणि बोल्टची जुनी शिकारी रायफल काकांना मिळाली. माजिवड्याला आमचं भातशेत होतं, तिथे रानडुकरांचा त्रास होता, म्हणून पिकाच्या राखणीसाठी काकांना परवानाही मिळाला. ते निवृत्त होऊन ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहायला आले आणि रायफल माजघरात देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर गेली. तिथून ती वर्षातून एकदा, खंडेनवमीला, खाली उतरायची. काकू तिला गंध, हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूचं फूल वाहायची. दिवाळीत घरातल्या पुरुषमाणसांना तेल लावून झालं की वाटीत उरलेलं खोबरेल खुंटीवरच्या रायफलीला मिळायचं. शस्त्राची निगा निगा म्हणतात ती हीच, अशी काकांची प्रामाणिक समजूत होती.

हे असंच चालू राहिलं असतं. पण ठाण्याला नवे फौजदार आले आणि त्यांनी परवानेवाल्यांना कळवलं, की हत्यार चालतं हे प्रत्यक्ष दाखवा. चालत नसेल तर सरकारजमा करा.

काका दोन दिवस जेवले नाहीत. (काकू म्हणते, दोन वेळा.) नोकरीतून त्यांच्यापाशी उरली होती ती एवढी एकच वस्तू. तिच्या आधाराने ते रोज संध्याकाळी ओटीवर बसून वाघांच्या गोष्टी सांगायचे. खुंटी रिकामी झाली तर त्या गोष्टी सांगायच्या कशाच्या जोरावर?

मी तेव्हा डोंबिवलीला राहत होतो आणि मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. बंदुकीशी माझा संबंध युद्धाच्या बातम्यांपुरता. पण सतत काही वर्षं लढायांच्या तारांचं मराठी भाषांतर केलं, की आपण त्या लढायांत होतो असं माणसाला वाटू लागतं. रविवारी मी ठाण्याला गेलो आणि म्हणालो, "नाना, काळजी सोडा. रायफल मी दुरुस्त करतो."

"तू?" काका म्हणाले.

"त्यात काय आहे? यंत्र आहे. बोल्ट उघडा बघू."

काकांनी बोल्ट, म्हणजे गोळी भरायची खिट्टी, ओढला. बोल्ट हलला नाही. मी ओढला. मग रायफल काकांनी धरली आणि बोल्ट मी धरला, तेव्हा आम्ही दोघे हललो.

"जाम झालाय," मी म्हणालो.

"जाम नाही. कडक आहे," काका म्हणाले. "विलायती माल आहे तो."

थंडीचे दिवस होते. कित्येक दिवाळ्यांचं खोबरेल आत गोठून बसलं होतं. मी काकूला बंबातलं कढत पाणी मागितलं. काकू म्हणाली, "पाणी देते, पण थांब जरा, आधी वाटीभर तेल लावू दे. कोरड्या अंगावर कढत पाणी घालू नये." तिची समजूत घालण्यात बराच वेळ गेला. शेवटी रायफल मोरीत उभी केली आणि वरून पाणी ओतलं. बोल्ट सुटला. आतून आधी अक्षता आल्या, मग झेंडूच्या पाकळ्या आणि मग नळीच्या तोंडातून लालभडक पाणी मोरीबाहेर वाहू लागलं. शेजारच्या बाई ताक मागायला आल्या होत्या. त्यांनी बंदूक पाहिली, लाल पाणी पाहिलं आणि भांडं तिथेच टाकून त्या घरी गेल्या. ते कुंकू होतं हे पटवायला काकूला त्यांच्याकडे जाऊन यावं लागलं. (ताकाचं भांडं त्यांनी उन्हाळ्यापर्यंत नेलं नाही.)

नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी लोखंडाचा एक बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. आमच्या माशीवर इतक्या वर्षांचं गंधकुंकू चढलं होतं, की तिचा आकार वालाच्या दाण्याएवढा झाला होता. मी चाकू घेतला, तशी काकू आडवी आली.

"ते खरवडायचं नाही. पूजेचं आहे."

"काकू, त्याच्याआडून समोरचा हत्तीसुद्धा दिसणार नाही."

"माजिवड्याला हत्ती कुठे आहेत?"

शेवटी तडजोड झाली. माशीवरचं कुंकू काढून ते रायफलीच्या लाकडी दस्त्याला लावलं. शास्त्र आणि धर्म दोघांचंही समाधान झालं.

पुढचा प्रश्न तेलाचा. बंदुकीचं विलायती तेल त्या दिवसांत मिळत नव्हतं. आमचं शेत कसणारे पोशा पाटील एक बाटली घेऊन आले. ते माजिवड्याचेच, भात आमच्या शेतात, मीठ खाडीवरच्या भावाच्या मिठागरात आणि मत सगळ्या विषयांवर, असा त्यांचा पसारा होता.

"मुशीचा तेल हाय," ते म्हणाले. "कोली लोक होरीला लावतान. खाऱ्या पान्यान वरीसभर ऱ्हाली तरी होरीला काय व्हत नाय."

होडी लाकडाची असते आणि रायफल लोखंडाची, हा फरक मला जाणवला नाही असं नाही. पण तेल गुणाचं निघालं. गंज थांबला, बोल्ट लोण्यासारखा सरकू लागला. फक्त त्याला मासळीचा वास होता. पहिल्या दिवशी तो माजघरात होता, दुसऱ्या दिवशी ओटीवर आला आणि तिसऱ्या दिवशी टेंभी नाक्यावरच्या मांजरांना कळला. खुंटीखाली मांजरं बसू लागली. ती भांडत नसत, ओरडत नसत. कीर्तनाला बसावं तशी वर बघत बसत. काकाही जेवताना मान वर करून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "घरभर मुशीचा वास, आणि ताटात वरणभात! हा कुठला न्याय?"

आता नेमाची परीक्षा उरली. त्यासाठी जागा ठरली पाटलांच्या भावाचं मिठागर. समोर मिठाचे माणसाहून उंच ढीग, त्यांत गोळी गेली की तिथेच राहणार. रायफल टेकवायला मिठाच्या गोण्या. नेमाचा कागद बाजारातून आणण्याऐवजी मी काकूचा रांगोळीचा कागद घेतला. त्याला सारख्या अंतरावर भोकं पाडलेली असतात, म्हणजे गोळी कुठे किती चुकली ते ठिपके मोजून सांगता येतं. (या युक्तीचा मला आजही अभिमान आहे. या लेखात अभिमान बाळगण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे.)

"नाना, पहिला बार तुम्ही काढा," मी म्हणालो.

काकांनी कागदाकडे पाहिलं. "मी? रांगोळीवर गोळी झाडू? अरे, ह्या हातांनी वाघावर नेम धरलाय!"

"मग लागली होती का वाघाला?"

"नेम धरला होता म्हणालो मी."

तेव्हा परीक्षा मीच घ्यायची ठरलं. मला ते सोयीचंच वाटलं. सगळे बार एकाच माणसाने काढले, की माणसाचा दोष हिशेबातून वगळला जातो आणि उरतो तो निव्वळ यंत्राचा दोष, असा माझा सिद्धांत होता. मी तो काकांना आणि पाटलांना समजावून सांगितला. दोघांनीही माना डोलावल्या. ज्या सिद्धांताला ऐकणारे सगळेच मान डोलावतात तो छापण्याआधी पुन्हा तपासावा, हे मी पुढे कचेरीत शिकलो.

मी गोण्यांवर रायफल टेकवून मधल्या ठिपक्यावर नेम धरला आणि बार काढला. मिठाचा फवारा उडाला. पुन्हा काढला. पुन्हा. जाऊन पाहिलं तर सगळ्या गोळ्या एका लिंबाएवढ्या जागेत लागल्या होत्या. फक्त ते लिंबू मधल्या ठिपक्यापासून एक वीत डावीकडे होतं.

"बंदूक डावखुरी हाय ही," पाटील म्हणाले.

मला मात्र आनंद झाला. दोष होता, पण नियमित होता. आणि नियमित दोष हा यंत्राचाच असतो! माशी थोडी सरकवली की काम झालं. ती कुठे सरकवायची यावर मिठागरातच वाद झाला. गोळी डावीकडे जात असेल तर माशीसुद्धा डावीकडेच सरकवायची असते. हे खरं आहे, पण ते कोणालाही पटत नाही.

"अरे, आधीच डावीकडे जात्येय, आणि तू तिला आणखी डावीकडे ढकलतोस?" काका ओरडले.

"नाना, बंदुकीच्या पुस्तकात तसंच आहे."

"पुस्तक उलटं धरलं असशील!"

पुस्तक मी सुलटंच धरलं होतं. कल्याणच्या एका लोहाराकडे नेऊन मी माशी डावीकडे सरकवून घेतली आणि पुन्हा हलू नये म्हणून तिला पितळेचा डाख देववला. "कायमचं करू ना?" लोहाराने विचारलं. "अगदी कायमचं," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी मिठागरात पुन्हा बार काढले. कागदाचा मधला ठिपका नाहीसा झाला. काकांनी मला मिठी मारली. पाटलांनी आपला रुमाल हवेत उडवला. घरी कागद दाखवला तेव्हा काकू म्हणाली, "ठिपक्याला भोक आधीच होतं. तू काय नवीन केलंस?" पण तिनेही संध्याकाळी माझ्यासाठी सोड्यांची खिचडी केली. मी स्वतःला त्या दिवशी अर्धा इंजिनिअर समजत होतो. काकांचं खुंटीवरचं राज्य आता कोणी हलवू शकत नव्हतं.

फौजदार माजिवड्याला आले ते दोन शिपाई घेऊन. शांत, मितभाषी गृहस्थ. बांधाच्या टोकाला बाभळीच्या फांदीला एक मडकं टांगलं होतं आणि मागे मातीचा उंच बांध होता. अट साधी होती. ज्याच्या नावावर परवाना त्याने मडकं फोडायचं. ऊन तापलं होतं. फौजदारांनी टोपी काढून घाम पुसला, तसे पोशा पाटील लगबगीने पुढे झाले. पाहुण्याची टोपी जमिनीवर ठेवायची नाही, हा त्यांच्याकडचा रिवाज. त्यांनी ती मोठ्या अदबीने नेली आणि त्याच बाभळीवर, मडक्याच्या उजव्या अंगाला, सावलीत अडकवली.

"पाटील, टोपी तिथे कशाला?" मी हळूच विचारलं.

"जवा चुकते तवा डावीकडं चुकते ना? मी बगितलाय ना!" ते म्हणाले. "उजवीकडं काय भ्याव नाय."

तर्कात चूक नव्हती.

काका जुना खाकी पोशाख चढवून आले होते. पाच-सहा मांजरं शेतापर्यंत मागोमाग आली होती, ती बांधावर ओळीने बसली. काकांनी एक गुडघा टेकला, श्वास रोखला आणि बार काढला. मडकं जागचं हललं नाही. टोपी मात्र हलकेच डुलली.

"वारा आहे," काका म्हणाले, बोल्ट ओढला आणि कोणी काही बोलायच्या आत दुसरा बार काढला. टोपी पुन्हा डुलली.

वारा अजिबात नव्हता. एक शिपाई धावत जाऊन टोपी घेऊन आला. फौजदारांनी ती उन्हासमोर धरली. मधोमध दोन भोकं होती, एकमेकांना चिकटून.

"रावसाहेब," ते शांतपणे म्हणाले, "नेम उत्तम आहे आपला. पण मी मडकं म्हणालो होतो."

काकांचा चेहरा कुंकवासारखा झाला. "साहेब, देवाशपथ, मी मडक्यावरच धरला होता! रायफल ह्यानं दुरुस्त केलीय, माझ्या पुतण्यानं! विचारा त्याला!"

"असं? मग आपण मारून दाखवा," फौजदार मला म्हणाले.

मी गुडघा टेकला. बार काढला आणि मडक्याच्या ठिकऱ्या झाल्या. मांजरं पळाली. पाटलांनी टाळ्या वाजवल्या, पण कोणी साथ देईना म्हणून थांबले. फौजदारांनी दुसरं मडकं टांगायला लावलं, रायफल मागून घेतली, वास आल्यावर क्षणभर लांब धरली आणि मग स्वतः बार काढला. मडक्याच्या उजवीकडे, बरोबर एक वीत अंतरावर, बांधाची माती उडाली.

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"म्हणजे रायफल मुळात सरळ होती," फौजदार म्हणाले. "वाकडं मारत होता ते तुम्ही. आणि तुम्ही तिला स्वतःच्या मापाने बेतून घेतलीत."

"शिंप्याकडे सदरा नेतात तशी!" काका म्हणाले. "अरे, तुझा डोळा वाकडा आहे हे आधी नाही का सांगायचं?"

"मला काय माहीत?"

"मग रोज पेपर कसा छापतोस?"

माशी परत सरकवता येईल का, असं फौजदारांनी विचारलं. मी डाखाचं सांगितलं. त्यांनी बराच वेळ भोकाभोकाची टोपी बोटांवर फिरवली. काका हात जोडून उभे होते. वाघांच्या गोष्टी सांगणारा माणूस मी असा उभा राहिलेला कधी पाहिला नव्हता. शेवटी फौजदार म्हणाले, "हत्यार चालतं, यात शंका नाही. माझी टोपी पुरावा आहे. परवाना रावसाहेबांच्या नावावर राहील. मात्र शेतावर रायफल चालवायची ती ह्या पुतण्यानेच. दुसऱ्या कोणाच्या हातात मी ती पाहिली तर जमा करीन. आणि आता तिच्यात काहीही फेरफार करायचा नाही."

रायफल घरी परत आली. काकांनी माझ्याशी बोलणं टाकलं, पण खुंटी भरलेली होती आणि वाघांच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या.

पावसाळ्यात माझ्या संपादकांनी मला बोलावून घेतलं. मी तपासलेल्या प्रत्येक पानावर कडेच्या रकान्यातल्या चुका तशाच राहतात, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. डोळे तपासून आल्याशिवाय कामावर यायचं नाही, असा हुकूम झाला. डोंबिवलीच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याला चांगला जाड, तिरका नंबर काढला. मी चष्मा घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला जग जिथल्या तिथे दिसलं. त्याच क्षणी ती रायफल सरळ चालवू शकेल असा माणूस पृथ्वीवर उरला नाही.

"मग वीतभर डावीकडे नेम धर!" काका म्हणाले. बोलत नसले तरी एवढं ते बोलले.

पण कागदावरची वीत शेतात उपयोगी पडत नाही. डुक्कर जवळ आलं की ती वीत चार बोटांची होते, लांब गेलं की हातभर होते, आणि डुक्कर काही कागदाला चिकटवलेलं नसतं. भात पिकायला आलं तेव्हा मला एकच मार्ग दिसला. बार काढताना चष्मा काढायचा. मग रायफल आणि मी, दोघे मिळून सरळ.

रजा काढून मी राखणीला आलो आणि पहिल्याच संध्याकाळी शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसलो. दिवेलागणीची वेळ. मी चष्मा खिशात ठेवला. समोर भातात काहीतरी काळं, बुटकं हललं. मी रायफल खांद्याला लावली. मग मनात आलं, चुकून भलतंच काही असलं तर? म्हणून मी नियमाप्रमाणे आधी विचारलं.

"कोण आहे?"

काळं थांबलं. उत्तर आलं नाही. मी घोड्यावर बोट ठेवलं.

"मी हाय! मी हाय वं!" भातातून किंकाळी आली. "पोशा पाटील! डुक्कर नाय मी, पाटील हाय! खाली वाकून बांध बगीत व्हतो!"

"मग बोलायचं नाही का?"

"तोंडान बिडी व्हती! आगोदर ती बंदूक खाली ठेवा, भाऊ! चष्मा घाला! चष्मा घाला आगोदर!"

त्या दिवसापासून कापणीपर्यंत पोशा पाटील रोज संध्याकाळी हातात डबा आणि काठी घेऊन शेतभर फिरले. डबा बडवायचे आणि थांबून थांबून, बेंबीच्या देठापासून ओरडायचे, "मी पाटील हाय! पाटील हाय मी!" मी माळ्यावरून "बरं!" म्हणायचो. एवढ्या गोंगाटात त्या वर्षी माजिवड्याच्या शिवेत एक डुक्कर फिरकलं नाही. भात उत्तम उतरलं. फौजदारांनी खूष होऊन परवान्याची मुदत वाढवली आणि शेरा मारला, की पिकाचं संरक्षण उत्कृष्ट झालं आहे. राखणदार म्हणून तिथे माझं नाव आहे. चष्मा लावून मी ते दोनदा वाचलं.